वाळूचं पोतं

मुलांनो, कल्पना करा, साल एकोणीसशे सत्त्याण्णव आहे आणि वाशीच्या मैदानावर तुम्ही मोनालीशेजारी बसला आहात. तिचे बाबा ज्योतिबा कांदा बाजारात हमाल. दिवसभर पोती वाहून दमलेले, तरी स्पर्धेत वाळूचं पोतं घेऊन पळताहेत. चौघांच्या संघात ते शेवटचे, आणि सगळ्यांच्या पुढे. रेषेपलीकडे पोतं टेकलं की ढाल त्यांची. तिथे पोहोचून ते गुडघ्यात वाकले आणि पोतं सावकाश उतरवू लागले. तेवढ्यात शेजारच्याने आपलं धाडकन आपटलं. ढाल गेली.

"आरं ज्योतिबा, वाळू होती ती! आपटायची की!" साथीदार ओरडला.

"मला ठावं हाय रं. हातांना कांदाच वाटला. आपटला की नासतोय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मोनालीने, रोज दारातूनच फेकायची ते दप्तर, दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवलं.