आतल्या खोलीतला आवाज

तिसऱ्या दिवशीही कागद कोरा तो कोराच. लेखकाने पेनाचं टोपण कानात घालून फिरवलं, निरखून पाहिलं आणि दातात धरलं.

विशेषांकात त्याच्यासाठी शनिवारपर्यंत जागा राखून ठेवली होती. "तीन वर्षं तुमचं काही आलं नाही," संपादक फोनवर म्हणाले होते. "या वेळीही नाही आलं, तर पुढे मी विचारणार नाही." त्याला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

त्याला गोष्टी सुचत नसत, ऐकू येत. दवाखान्याच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिन्यावर तो कान लावून बसायचा आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचा. पण हल्ली माणसं फोनमध्ये डोकं घालून गप्प बसतात. त्याचा धंदाच बसला.

अशात मेहुणी येऊन टपकली. एकटी, न कळवता. तिची बॅग वर आणताना लेखकाच्या लक्षात आलं, बॅग ही एवढी मोठी, पण जवळजवळ रिकामी.

नेसत्या कपड्यांनिशी पळून आलेली दिसते, तो मनाशी म्हणाला आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

साडू त्याला कधीच आवडला नव्हता. फरश्या विकणारा माणूस, गडगडाटी हसणारा, दिसेल त्याच्या पाठीवर थाप मारणारा. दोघी बहिणींची लग्नं एकाच दिवशी झाली होती. तेव्हापासून बावीस वर्षं लेखक त्याच्याशी तोंडदेखलं बोलत आला होता.

दुपारी दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं गेलं. लेखकाने खुर्ची भिंतीजवळ सरकवली. दोघींचा आवाज इतका सारखा की फोनवर तो अजूनही फसायचा. पण घर सोडून आलीय कोण, हे काय आवाजावरून ओळखायचं?

"सकाळी घसा खाकरायला लागला की मी मोरीतला नळ मोठा सोडते," एक आवाज रडत म्हणाला. "नखं कुरतडून चहाच्या बशीत ठेवतो. उचलायची कुणी? मी. बावीस वर्षांत एकदा विचारलं नाही, बाई तू कशी आहेस म्हणून. आता नुसता हात लागला तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं."

"मग राहतेस कशाला?" दुसरा आवाज म्हणाला.

लेखकाला शिसारी आली. त्याने थुंकीने बोट ओलं केलं आणि वहीचं नवं पान उलटलं.

दोन दिवस तो झपाटल्यासारखा लिहीत होता. नायकाला त्याने साडूचं पोट दिलं, साडूचं हसू दिलं. खाकरण्यावर अर्धं पान खर्ची घातलं. असल्या माणसाशी आपलं नातं आहे, याची त्याला लिहितानाही लाज वाटत होती. मधे बायको चहाचा कप न्यायला आली. तिने बशीत पाहिलं, बशी खिडकीबाहेर झटकली आणि कप घेऊन ती गेली.

शनिवारी सकाळी त्याने दोघींना समोर बसवून कथा वाचून दाखवली. नाव होतं 'किळस'. मेहुणी खाली मान घालून ऐकत होती. ऐकू दे, त्याला वाटलं, कुणीतरी तुझं दुःख जाणलंय.

"कशी वाटली?" त्याने विचारलं.

"सगळं बरोबर आलंय," बायको म्हणाली. "एकही गोष्ट सुटली नाही. शेवट कुठाय?"

"तोच अडलाय. जाऊन जाऊन अशी बाई जाणार कुठे? बावीस वर्षांनी?"

"दुपारपर्यंत सुचेल," बायको म्हणाली आणि आत गेली.

दुपारी खाली गाडी थांबली. घाम पुसत साडू वर आला, तशी मेहुणी त्याच्याकडे बघून चक्क हसली आणि रिकाम्या हातांनी जिना उतरून गेली. लेखक खुर्चीतून उठलासुद्धा नाही. साडूची थाप चुकवण्यासाठी त्याने पाठ भिंतीला टेकवली.

बिचारी परत चालली, शेवटी बाईमाणूस. शेवट सापडला होता. 'ती निमूटपणे त्याच्यामागे जिना उतरली,' त्याने लिहिलं आणि खाली ठसठशीत रेघ मारली.

दाराशी ठेवलेली ती मोठी बॅग साडूने उचलून पाहिली आणि दोन्ही हातांनी धरली. चांगलीच जड झाली होती.

"झालं का, ताई?" त्याने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. "चला. ही कधीची गाडीत जाऊन बसलीय."