कोवळी रिझलिंग

घरच्या वायनरीत दिराने टाकीची तोटी सोडून ग्लासात दोन बोटं वाइन घेतली आणि वहिनींपुढे धरली. यंदाची रिझलिंग, पांढऱ्या द्राक्षांची, जेमतेम चार महिन्यांची. शेजारी घाऊक खरेदीदार रुमालाने चष्मा पुसत उभा होता.

वहिनींनी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोवळ्या रिझलिंगला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा वास यायला हवा. हिला न्हाणीघराचा येत होता. तरी त्यांनी घोट घेतला, तोंडात खेळवला. आंबटपणा नावालाही नाही. जिभेवर गुळमट, चिकट थर बसला आणि त्या बादलीत पचकन थुंकल्या.

कुणाला काही वावगं वाटलं नाही. चाखणारे थुंकतातच.

"कशी आहे?" खरेदीदाराने विचारलं. "माझा तुमच्या जिभेवर भरवसा आहे."

"भाऊजी, काय ओतलंत हिच्यात?"

"थोडी साखर, दोन थेंब इसेन्स." दीर ओशाळं हसला. "वहिनी, फारच आंबट लागत होती हो."

"कोवळी आहे, आंबट लागणारच! दोन वर्षं दम धरवला नाही तुम्हाला? साबणाचं पाणी प्यायल्यासारखं वाटतंय. शी!"

दिराचा चेहरा पडला. सौदा मोडला, असं वहिनींना वाटलं, आणि त्यांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

खरेदीदाराने चष्मा चढवला. "ताई, ते मला वासावरूनच कळलं. पण लोकांना हेच आवडतं. अख्खी टाकी घेतो. फक्त बाटलीवर तुमची सही हवी."

दिराने लगबगीने लेबल पुढे केलं. 'स्वतः चाखून पसंत केलेली'. खाली वहिनींची सही, अगोदरच छापलेली.

"मला विचारलंत कधी?"

"घरच्या माणसाला काय विचारायचं, वहिनी?"

वहिनींनी लेबलाचे चार तुकडे केले, थुंकीच्या बादलीत टाकले आणि त्या तडक अंगणातल्या नळावर गेल्या. ओंजळीने पाणी घेऊन त्यांनी खळखळून चूळ भरली. मग आणखी एक.

आतून खरेदीदाराचा आवाज आला, "दुसरं लेबल आहे ना?"

"आहेत की. दहा हजार छापून आलीत."

वहिनींनी नळ पुरता सोडला आणि तोंडच धारेखाली धरलं. पाणीसुद्धा गोड लागत होतं.