अर्थिंगची वायर

दुसऱ्या दिवशी बहिणीची हळद होती, आणि किन्हवलीच्या कुंडलिकला आपल्या नव्याकोऱ्या पिकअपमध्ये गाणी वाजायलाच हवी होती. टपाला भोक पाडून त्याने सकाळीच अँटेना बसवली. अर्थिंगची वायर मात्र रंगावरच कसली, त्यामुळे रेडिओ नुसता खरखरत होता.

"टपाला भोक पाडलंस, आन् नव्या गाडीचा रंग खरवडायला हात धजत नाय ना तुझा?" हौसाआत्या हसली. गावातल्या प्रत्येक लग्नात धवळे गायची ती आत्याच.

शेवटी कुंडलिकने मन घट्ट केलं आणि सुरीने थोडा रंग खरवडला. उघड्या पत्र्याला वायर टेकताच खरखर थांबली. रेडिओतून हळदीचा धवळा ऐकू येऊ लागला. आवाज हौसाआत्याचा होता.

हळदीच्या तयारीला अंगणात जमलेल्या बायांनी टाळ्याच पिटल्या. "आत्या, तुमी कवा गेलात रेडिओत?"

"मी कुठं जाते गो?" म्हणत आत्यानेही खुशीत सूर धरला. पण रेडिओ एक ओळ पुढेच होता. आधी तो म्हणायचा, मग तीच ओळ आत्याच्या तोंडून निघायची. मध्येच रेडिओ खोकला, आणि लगेच आत्याला ठसका लागला. बाया हसून हसून खाली बसल्या.

"या कुंडलिकलाबी नाचवा गो!" रेडिओतली आत्या ओरडली. अंगणातल्या आत्याने तेच ओरडत त्याला ओढलं.

तेवढ्यात रेडिओतून कुंडलिकचं खदखदून हसणं आलं.

कुंडलिक अजून हसला नव्हता. सगळ्या बाया त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या. आणि त्याच्या पोटातून तेच हसणं हळूहळू वर यायला लागलं.