तालमीत न केलेला शेवट

“शिट्टी कोणी वाजवली?” होरेस भर तालमीत कडाडला.

सिरिलने ओठ मिटले. इंग्लंडमधल्या हल बंदराच्या त्या नाटकघरात तो नवाच होता. “मी, मालक. सहजच.”

“तोंड आहे की चहाची किटली? वर माळ्यावर पडद्यांचे दोर धरून बसलेत ते सगळे जुने खलाशी. शिट्टी म्हणजे त्यांना हुकूम. ऐकली की दोर सुटला!”

“आणि खाली कोणी उभं असलं तर?” सिरिल हसला.

बाकी कोणी हसलं नाही. पंचवीसेक वर्षांमागे विंगेत उभ्या होरेसने अशीच शिट्टी वाजवली होती. वरून दोराला वजन म्हणून बांधलेलं वाळूचं पोतं आलं. खाली त्याचा धाकटा भाऊ एड्विन होता.

तेव्हापासून होरेसच्या ओठांवर शिट्टी आली नाही. आता त्याने नाटकच लिहिलं होतं. एक म्हातारा काळात मागे जातो, तरुणपणच्या स्वतःचं तोंड दाबतो, भाऊ वाचतो. निदान रंगमंचावर तरी एड्विनने एकदा जिवंत घरी जावं, एवढंच त्याचं मागणं.

“सायलस, पोतं तूच धर. तेव्हाही दोर तुझ्याच हातात होता.”

म्हाताऱ्या सायलसने टोपी चुरगाळली. “दुसरा कोणी बघा, मालक. हात थकले.”

“अरे, तू हुकूम पाळलास. पाप माझं.”

सायलस माळ्याच्या शिडीकडे वळला. एड्विनच्या थडग्यावर दर नाताळला फुलं ठेवायचा तो हाच. होरेसला त्याचं केवढं कौतुक!

“शेवट एकदा करून बघू या ना,” सिरिल म्हणाला.

“खुळा की काय? पहिल्या प्रयोगाआधी शेवट करत नसतात. अपशकुन होतो.”

पहिल्या प्रयोगाला नाटकघर गच्च भरलं. भुसा भरलेलं पोतं वर लोंबत होतं, खाली एड्विन झालेला नट. तरुण होरेस झालेल्या सिरिलने ओठांचा चंबू केला. म्हाताऱ्याच्या भूमिकेतल्या होरेसने धावत येऊन त्याचं तोंड गच्च दाबलं.

शिट्टी वाजलीच नाही. लोकांनी सुस्कारा सोडला.

पोतं धप्पकन एड्विनच्या खांद्यावर आदळलं.

होरेसने वर पाहिलं. माळ्याच्या कठड्याशी सायलस उभा होता, दोन्ही हात रिकामे.

“तेव्हाही असंच झालं, मालक,” तो हुंदका देत म्हणाला. “तुमची शिट्टी नंतर वाजली. दोर माझ्या हातून आधीच सुटला होता.”