समोरच्यांचा वेळ

शाल्मली चेंडूपाशी जाऊन उभी राहिली आणि अख्खं स्टेडियम तिच्यावर ओरडायला लागलं. अमेरिकन फुटबॉलची कॉलेजची मॅच, शेवटचं मिनिट. पिछाडीवरच्या यजमानांना खेळ ताबडतोब सुरू करायचा होता आणि प्रमिलाबाईंची ही लेक, मैदानावरची पंच, तो करू देत नव्हती.

“खेळ का अडवलाय तिनं?” मिरजेहून आलेल्या प्रमिलाबाईंनी घाबरून जावयाला विचारलं.

“यांनी आत्ताच नवे खेळाडू आत आणले ना, आई. मग समोरच्यांनाही बदलायला वेळ द्यायचा, असा नियम आहे. ते मुद्दाम रेंगाळले, तर मात्र दंड त्यांना. खरंच घाई करताहेत की वेळ काढताहेत, हे तिनंच ठरवायचं.”

घड्याळ पळत होतं. यजमानांचा कोच हातवारे करत किंचाळत होता. शाल्मलीची नजर बाहेरून जीव तोडून धावत येणाऱ्या समोरच्यांच्या बदली खेळाडूंवर होती. शेवटचा जागेवर पोचला, तशी ती शांतपणे मागे सरली. तोवर यजमानांच्या, तिच्या दुप्पट देहाच्या पोरांपैकी एकानंही चेंडू हलवला नव्हता.

यजमान हरले. माणसं उठून तिला शिव्या घालायला लागली. प्रमिलाबाई मात्र मैदानावरच्या त्या लहानशा आकृतीकडे बघतच राहिल्या. हिला आपण जन्म दिला, हे क्षणभर त्यांना खरंच वाटेना. मग पुढ्यात ओरडणाऱ्या गोऱ्या गृहस्थाच्या खांद्याला हात लावून त्यांनी मराठीतच सांगितलं, “ती माझी मुलगी आहे.”