शेवटी बसणारा

सकाळी घरातून निघण्याचा क्रम ठरलेला होता. आधी लेक बाहेर पडे, एक मोजा पायात आणि दुसरा हातात. पाठोपाठ तिची आई, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, तोंडात टोस्टचा शेवटचा घास. दोघी गाडीत बसून पट्टे लावत आणि आई हॉर्नवर हात ठेवी. नवरा सर्वांत शेवटी येई. कुलूप लावून, पुन्हा उघडून, आत डोकावून, पुन्हा लावून.

"बाबांचा आणि घड्याळाचा छत्तीसचा आकडा आहे," लेक म्हणाली.

"छत्तीस कसला, बहात्तरचा!" आईने हॉर्न दाबला.

तो आला. एका हातात लेकीची पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात बायकोचा चष्मा. "राहिला होता तुझा."

"दे इकडे. आणि बस पटकन. ऑफिसात आज पुन्हा लाल शेरा मिळणार तुला."

"मिळू दे. लाल रंग शोभतो मला," तो म्हणाला आणि हसत बसला.

त्याची बायको आइस हॉकीच्या एका संघाची संख्याविश्लेषक होती. कोणी किती गोल केले हे सगळ्यांनाच दिसते. एखादा खेळाडू बर्फावर असताना आपल्याला गोलाच्या किती संधी मिळाल्या आणि समोरच्यांना किती, हे मोजणे तिचे काम. दुपारच्या बैठकीत आघाडीच्या एका खेळाडूचा निकाल लागायचा होता. वय चौतिशीचे, म्हणून संघात त्याला सगळे आजोबा म्हणत. करार संपत आला होता. गोल तो फारसे करत नसेच. कोपऱ्यात घुसून चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, सोडवायची आणि दुसऱ्याला द्यायची, हा त्याचा खेळ. पण तिचे आकडेही त्याच्या विरुद्ध होते. तो बर्फावर असला की प्रतिस्पर्ध्यांच्या संधी वाढत. अहवालात तिने लिहून ठेवले होते: पुढे ठेवू नये.

ज्याच्या विरुद्ध लिहायचे, त्याचा खेळ एकदा डोळ्यांनी पाहायचा, ही शिस्त तिने स्वतःला लावून घेतली होती. कामाच्या गर्दीत या वेळी ती राहून गेली होती. तिने चित्रफिती लावल्या.

या खेळात खेळाडू बदलायला खेळ थांबत नाही. दमलेले धावत्या खेळातूनच बाकाकडे वळतात, ताजे कुंपणावरून उडी घेऊन उतरतात. मधल्या क्षणांत अर्धे मैदान ओस पडते. त्याच क्षणांत, फितीमागून फितीत, तिला एकच दृश्य दिसत गेले. सोबत्यांच्या पाठी बाकाकडे वळलेल्या, चकती हातची गेलेली, प्रतिस्पर्धी मुसंडी मारून येत असलेले आणि त्यांच्या वाटेत आजोबा एकटा, उलट्या पावली सरकत मागे येणारा. बाकावर बसला तो सुटला, बर्फावर राहिला त्याच्या नावावर संधी चढली. तिच्या मोजणीचा नियमच तसा होता, आणि तो तिनेच घातलेला होता.

ती खाली उतरली. सराव नुकताच संपला होता. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"आजोबा, बाकावर तू नेहमी शेवटी का येतोस?"

तो दचकला. "उशीर होतो का माझा, ताई?"

"तसं नाही रे. नुसतं विचारतेय."

"पोरं दमलेली असतात. सगळेच एकदम वळले तर मागे कोण राहणार?"

"तुला तसं सांगितलंय कोणी?"

"हे काय सांगायला लागतं?" म्हणून तो पुन्हा नाड्यांकडे वळला.

वर येऊन तिने खेळाडू बदलण्याचे क्षण वेगळे काढले. त्याचेच नव्हे, सगळ्यांचे. मग पहिल्यापासून मोजले. उरलेल्या खेळात पारडे त्याच्या बाजूने ठळक झुकले. शेजारी खेळणारे दोन तरुण त्याच्यासोबत असले की चमकत, तो नसला की चारचौघांसारखे दिसत. तिने अहवालातले ते वाक्य खोडले.

"काल म्हणालीस म्हातारा संपला," दुपारी बैठकीत संघाचे प्रशिक्षक म्हणाले. "एका रात्रीत तरणा झाला की काय?"

"तो आहे तसाच आहे, सर. सगळ्यांचं ओझं मीच त्याच्या एकट्याच्या नावावर मांडत होते."

तिने फिती लावल्या. प्रशिक्षकांनी दोन पाहिल्या, तिसरी स्वतःच मागितली.

"मी खेळायचो तेव्हा आधी बसणाऱ्यांतला होतो," ते म्हणाले. "मागे कोण राहायचं, आता आठवतसुद्धा नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "किती हंगाम?"

"दोन नक्की. तिसऱ्याचं तेव्हा बघू."

"दोन," ते म्हणाले आणि अहवालावर सही केली.

दुसऱ्या दिवशी लेक मोजा हातात घेऊन बाहेर पडली. नवरा सवयीने स्वयंपाकघराकडे वळला, तर ती तिथे आधीच उभी होती.

"तू हो पुढे."

"अगं, गॅस..."

"बघते मी."

"मागची खिडकी..."

"तीही बघते. जा तू."

मोकळ्या हातांचे काय करावे हे न कळून तो क्षणभर घुटमळला, मग गेला.

तिने गॅस बंद केला. मागची खिडकी खांदा लावल्याशिवाय बसत नाही, हे तिला आजच कळले. टेबलावर लेकीची बाटली होती, टोपलीत चिंब टॉवेल होता, आणि नवऱ्याचा फोन, आज पहिल्यांदाच, मागे राहिला होता. तिने टॉवेल वाळत टाकला, बाटली आणि फोन उचलला. कुलूप लावले. गॅस खरेच बंद केला का? उघडले, डोकावली, पुन्हा लावले.

गाडीत दोघे पट्टे लावून बसले होते. मागच्या सीटवरून वाकून लेकीने हॉर्नकडे हात नेला होता, आणि त्याने तो मधेच अलगद धरून ठेवला होता.