परका वास

साकीनाक्याच्या लॅबमध्ये उंदरांची खोली माझ्याकडे आली, तेव्हा जॅकलिनने पहिल्यांदा हेच शिकवलं. "पिल्लांना उचलण्याआधी हातमोजे पिंजऱ्यातल्या भुशात चोळ गं. परका वास लागला ना, तर आई पिल्लं खाते."

मी चांगले चोळले. पिल्लं वजन करून परत ठेवली, तशी मादी झेपावली. एकेकाचं डोकं ती चावून तोडत गेली, आणि मधेमधे थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्या बाळाची पावडर असेल," जॅकलिन म्हणाली. "मनाला लावून घेऊ नको, यार."

मी कोपरापर्यंत हात धुतले. घाटकोपरला घरी पोचल्यावर पुन्हा धुतले. सासूबाईंनी दुर्वाला माझ्याकडे दिलं. नेहमीसारखं मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं.

वास ओळखीचा नव्हता. पुन्हा हुंगलं. ही माझी नव्हती.

"आई, हिला घ्या. आधी घ्या!"

"अगो, आताच तर दिलंय तुका," त्या हसल्या. "भूक लागली हा तिका."

दुर्वाचा मऊ कान माझ्या ओठांना लागला होता, आणि माझं तोंड लाळेने भरून आलं होतं.